मावशीशेजारची जागा

त्यांना सगळे हनुवटीकाका म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडून बरीच वर्षं झाली होती आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पासपोर्ट साइजचे फोटो काढणं हा काकांचा धंदा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की काका कॅमेऱ्याआडून म्हणणार, "जरा हनुवटी खाली." नुसतं सांगून त्यांचं समाधान होत नसे. ते स्वतः पुढे येत, दोन बोटांनी त्या माणसाची हनुवटी हवी तेवढी खाली करत, खांदे सरळ करत आणि परत जागेवर जाऊन दम देत, "आता हलायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही." गावातल्या झाडून सगळ्या हनुवट्या कधी ना कधी त्या दोन बोटांखालून गेल्या होत्या. फौजदारसुद्धा त्या स्टुलावर मुकाट्याने बसत.

काकांच्या कामाचा एकच नियम होता. माणसाच्या मागे काही दिसता कामा नये. मागे पांढरा पडदा, पुढे चेहरा, विषय संपला. पडद्यावर पुसटशी सावली पडली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. माणसाच्या आजूबाजूचं जग त्यांनी आयुष्यभर कात्रीने कापून टाकलं होतं. म्हणजे हुकूम काकांचा, कात्री काकूंची. काकू काउंटरमागे बसून फोटो कापत, पाकिटात भरत आणि तक्रार करणाऱ्याला शांतपणे सांगत, "असेच दिसता तुम्ही." ह्यावर आजवर कुणाला काही सुचलं नव्हतं.

असा सगळा कारभार सुरळीत चालला असताना जावयाने लेन्स पाठवली.

जावई लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता. माणूस लाख मोलाचा, पण दुकानात गेला की त्याचं डोकं चालत नसे. सासऱ्यांना साठावं वर्ष लागलं, तर त्यांच्या धंद्यातलंच काहीतरी द्यावं म्हणून तो कॅमेऱ्यांच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "सगळ्यात जास्त दिसेल अशी लेन्स द्या." दुकानदाराने त्याच्या शब्दाला मान दिला. फिशआय लेन्स दिली. माशाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली फुगीर काच. तिच्यातून समोरचं तर दिसतंच, शिवाय डावीकडचं, उजवीकडचं, वरचं आभाळ, खालची जमीन आणि फोटो काढणाऱ्याचे बूटही दिसतात. सरळ म्हणून जगात काही उरत नाही. खांब वाकतात, इमारती माना तुकवतात, जवळचं फुगतं आणि लांबचं पार पळून जातं.

"हिचं मी करू काय?" काकांनी डोक्याला हात लावला. "माणसाच्या मागचं दिसू नये म्हणून जन्म घालवला, आणि ह्याने मला माझ्याच बुटांपर्यंत दाखवणारी काच धाडली!"

"हळू बोला," काकू म्हणाल्या. "जावयाने दिलीय."

इथेच तर घोडं अडलं होतं. मुलीने दिली असती तर "कशाला नसता खर्च" म्हणून चार शब्द सुनावता आले असते. जावयाच्या वस्तूला नाव ठेवण्याची सोय नव्हती. काकांनी फोन लावला आणि आवाजात जमेल तेवढा आनंद आणला. "वा! काय काच आहे! अगदी हवी होती तीच."

"मग बाबा, काढलेले फोटो पाठवत चला," जावई हरखून म्हणाला. "ऑफिसात सगळ्यांना दाखवणार आहे मी." आता त्या काचेतून फोटो काढणं भागच होतं.

पहिला बळी एक विमा एजंट. नेहमीच्या जागेवरून काढला तर त्याचा चेहरा वाटाण्याएवढा आला, म्हणून काका कॅमेरा घेऊन पार त्याच्या तोंडाशी गेले. आता नाक आलं, आणि नाकाच्या आडोशाला बाकीचा एजंट. पांढरा पडदा आला, पण पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती, छताचा पंखा, पंख्यावरची जळमटं, काउंटरमागे चहा पिणाऱ्या काकू आणि खालच्या कडेला काकांचं पोट, असं सगळं कुटुंबच त्या फोटोत आलं. एजंटने फोटो उलटसुलट करून बघितला. "हा मी?" त्याने विचारलं. काकूंनी ठरलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ते म्हणवेना.

मग काकांनी ती काच काकूंकडे वळवून बघितली. "पुन्हा माझ्यावर रोखलीत ना," काकू म्हणाल्या, "तर लक्षात ठेवा, कात्री माझ्याकडे असते." थोडक्यात, तक्रार न करणारं गिऱ्हाईक पाहिजे होतं. काकांनी गावभर नजर फिरवली आणि तसे गावात फक्त पुतळे निघाले.

कचेरीसमोर एक दगडी घोडा होता. घोड्यावर कुणीच नव्हतं. कुणाला बसवायचं ह्यावर एकमत होईना, म्हणून नुसता घोडाच उभा केला अशी वदंता होती. वाचनालयाच्या आवारात पुस्तक वाचणारी मुलगी होती, आणि मोठ्या चौकात भंगारातून केलेला लोखंडी पक्षी. काका सकाळच्या उन्हात कॅमेरा घेऊन निघत आणि काकू छत्री घेऊन मागोमाग. ती काच इतकी बाहेर आलेली की ऊन कुठूनही आत शिरे, म्हणून छत्री लागे. आणि छत्री धरली की तीही फोटोत येई. घोड्याच्या पहिल्या फोटोत घोडा, कचेरी, सगळे वकील, छत्रीची कड, स्टँडचा एक पाय आणि काकांचे तपकिरी बूट असा ऐवज निघाला. जावयाचा फोन आला, "बाबा, फोटो फारच आवडले सगळ्यांना. फक्त ते बूट कुणाचे असं विचारतायत." वाचनालयातल्या मुलीसमोर तर काकांचा हात सवयीने पुढे गेला आणि दोन बोटांनी ते तिची हनुवटी खाली करू लागले. ग्रंथपालबाईंनी खिडकीतून ते पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

आणि मग भलतंच झालं. काकांना मजा यायला लागली. घोड्याचं शेपूट बरोबर चहाच्या टपरीकडे वळलंय हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. लोखंडी पक्ष्याच्या डोक्यावर विजेच्या तारा होत्या आणि तारांवर खरे पक्षी ओळीने बसून खाली त्याच्याकडे बघत होते. हे त्या काचेनेच दाखवलं. आपण जन्मभर चेहरे बघितले, पण ते चेहरे उभे कुठे असतात हे बघितलंच नाही, असं काही वेळा त्यांना वाटून जाई आणि जरा वाईटही वाटे. पण हाडाची सवय कुठे जाते? फोटो "स्वच्छ" हवा हा हट्ट सुटला नाही. ह्या काचेला अर्धं जग दिसतं, म्हणून काका अर्धं जग रिकामं करायला निघत. "ए बाजूला! तुम्ही, पिशवीवाले, मागे! अजून मागे!" काकू छत्री हलवून वाहतूक थोपवत. काका दिसले की बाजूला व्हायचं, हे गाव थोड्याच दिवसांत शिकलं.

एका दुपारी ड्रॉइंगच्या बाई काठी टेकत दुकानात आल्या. काका झटकन उठून उभे राहिले. शाळेत बाईंनी काकांना चित्रकला शिकवली होती, म्हणजे शिकवून बघितली होती.

"बस, बस," बाई म्हणाल्या. "तुझी चित्रं मला अजून आठवतात. माणसं काढायचास आणि खाली जमीन काढायला विसरायचास. सगळी हवेत लोंबकळायची." काकूंनी हसू लपवायला कात्री खाली पाडली.

बाईंनी तरुणपणी गावासाठी एकच शिल्प केलं होतं. बस स्टँडसमोरच्या चौकात सिमेंटचा एक लांब बाक, आणि त्याच्या एका टोकाला मांडीवर हात ठेवून बसलेली सिमेंटची बाई. जरा पुढे झुकलेली, मान रिकाम्या जागेकडे वळवलेली, शेजारी कुणी बोलतंय आणि ती ऐकतेय अशी. गाव तिला मावशी म्हणे. "मावशीपाशी भेटू," असं म्हटलं की पत्ता सांगावा लागत नसे. हात लागून लागून तिचा खांदा गुळगुळीत झाला होता.

"तिला उचलणार आहेत," बाई म्हणाल्या. "नगरपालिकेने समिती नेमलीय. गावातले सगळे पुतळे नव्या उद्यानात नेऊन उंच चौथऱ्यांवर बसवायचेत. भोवती कठडा, वर दिवे. मान देतायत म्हणे! आणि बाक नको आहे त्यांना. बाक फोडून टाकणार."

"पण पुतळा तर राहील ना, बाई?" काकांनी भाबडेपणाने विचारलं.

"अरे, मी बाई केलीच नव्हती," बाई कळवळून म्हणाल्या. "मी तिच्या शेजारची जागा केली होती. तिथे कुणीतरी बसावं म्हणून तिला बसवली. आता ती चौथऱ्यावर एकटी बसून काय ऐकणार? समितीकडे तिचा एक फोटो आहे, मागचं सगळं पुसट करून काढलेला. ढगात बसल्यासारखी दिसते. तो बघून कुणालाही वाटेल की ही कुठेही नेली तरी चालेल. तुझी ती माशाची काच घेऊन जा आणि असा फोटो काढ की ती कुठे बसलीय ते त्यांना दिसेल. माझं दुसरं काही नाही रे ह्या गावात. एवढी एकच आहे."

शेवटचं वाक्य बाई खिडकीकडे बघत बोलल्या. काकांना गलबलून आलं. त्याबरोबरच, खोटं कशाला सांगायचं, त्यांची छातीही फुगली. ती काच आपणहून मागणारं पहिलंच माणूस दारात आलं होतं. "बाई, असा फोटो काढतो की समितीची बोलती बंद," काका म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की दुसरा कुणी असता तर तिथेच सावध झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका चौकात पोचले तेव्हा बाक नेहमीसारखा भरलेला होता. ड्युटी संपवून आलेली नर्स बूट काढून, पाय पुढे ताणून बसली होती. पेन्शनवाले दोघे मित्र एकाच वर्तमानपत्रावरून भांडत होते. बसचा ड्रायव्हर डबा खात होता आणि बाकाच्या कडेला टेकून चावीवाला कानस घासत होता. नर्सची पिशवी मावशीच्या मांडीवर होती. काकांनी हे सगळं डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, "चला, उठा सगळे!"

"आम्ही नको का फोटोत?" चावीवाल्याने विचारलं.

"तुमचा काय संबंध? समितीचं काम आहे!"

झालं. नर्स बूट हातात घेऊन अनवाणी रस्ता ओलांडून गेली. पेन्शनवाले भांडण अर्धवट टाकून उठले, ड्रायव्हर तोंडातला घास तोंडात ठेवून बसकडे पळाला. रोज सकाळी हाच प्रकार. कधी फोटोत कुत्रं येई, कधी छत्री, कधी काकांचं पोट. पोट टाळायला काका शेवटी रस्त्यावर पालथे झोपले, तेव्हा एका भल्या बाईने नाडी बघायला घेतली. पण अखेर फोटो साधला. अख्खा चौक गोल वळलेला, चारी बाजूंच्या इमारती आत वाकून बघतायत, मधोमध मावशी आणि तिच्याशेजारी तो लांबलचक बाक. आरशासारखा स्वच्छ. काकांनी मोठा प्रिंट काढून काउंटरवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून कंबरेवर हात ठेवले.

काकूंनी फोटो बघितला. "सगळे गेले कुठे?"

"कोण सगळे?"

"अहो, गाव ओस पडल्यासारखं वाटतंय. साथ आलीय का काय?"

"तुला कलेतलं काही कळत नाही," काका म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं. काकू आजही ते सुनावतात.

समितीची बैठक नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोटो टेबलावर मांडला. अध्यक्षबाई मनाने चांगल्या होत्या, ऐकून घेणाऱ्या. त्यांनी फोटो इंजिनियरकडे सरकवला. इंजिनियरने तो मनापासून न्याहाळला.

"उत्तम फोटो," इंजिनियर म्हणाला. काका सुखावले. "मी तोंडाने जे सांगत होतो ते ह्यांनी दाखवलंच. बघा ना, भर सकाळ, एवढा मोठा चौक, आणि बाकावर चिटपाखरू नाही. कोण बघतंय तिथे तिच्याकडे? उद्यानात नेली तर निदान चार माणसं तरी जवळ जातील."

सगळ्यांच्या माना हलल्या. काका टेबलावर वाकले. "नाही हो! माणसं असतात तिथे! नेहमी असतात!"

"मग ह्यात का नाहीत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी हाकलली."

"का?"

"फोटो स्वच्छ यावा म्हणून," काका म्हणाले. अध्यक्षबाईंना त्यांची दया आली असावी. "सोमवारी सही करायची आहे मला," त्या म्हणाल्या. "त्याआधी दुसरा फोटो असला तर घेऊन या."

ड्रॉइंगच्या बाईंना सांगणं भागच होतं. बाईंच्या दोन खोल्यांत सगळीकडे वाळलेल्या ब्रशांच्या बरण्या होत्या, आणि बसायच्या एकुलत्या खुर्चीत मांजर होतं. काका उभ्या उभ्या सगळं बोलले. शाळेत असताना बाई खडू फेकून मारत. आज मारला असता तर काकांना हायसं वाटलं असतं. बाईंनी फक्त फोटो मागितला आणि उजेडाकडे धरला.

"सुरेख काढलास," त्या म्हणाल्या. "ती एकटी कशी दिसेल ते मी कधी बघितलं नव्हतं. आता कळलं."

काका घरी आले आणि जेवले नाहीत. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि ती लपवायची त्यांची इच्छाही नव्हती. "मी बाईंचं वाटोळं केलं," ते म्हणाले. काकूंनी ताट पुन्हा पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी काका चौकात गेले ते हात जोडूनच. पण त्यांच्या गळ्यातला कॅमेरा दिसताच नर्स बूट घेऊन उठली, पेन्शनवाले उठले, ड्रायव्हरने डबा बंद केला. "अहो, बसा! तुम्हीच पाहिजे आहात!" काका ओरडले. कुणाचा विश्वास बसेना. चावीवाला तर एव्हाना स्वतःला काकांचा मदतनीस समजू लागला होता. बसमधून उतरून कुणी बाकाकडे वळलं की हा हात आडवा करी. "चला, चला, तिकडून जा. समितीचं काम चालू आहे." काकांच्या नाकी नऊ आले.

"नको बाबा," नर्स म्हणाली. "परवा बूटसुद्धा घालू दिले नाहीत तुम्ही."

"चुकलो. पाया पडतो. पण बसा!"

अखेर भिडेखातर सगळे बसले. आणि बसले ते कसे? खांदे ताठ, हात गुडघ्यांवर, हनुवट्या खाली, नजर काचेत. कुणी हलेना, कुणी हसेना. पेन्शनवाल्यांपैकी एकाने तर श्वासच रोखून धरला. "अहो, नेहमीसारखं बसा! बोला काहीतरी!" काका कळवळले. ओठ न हलवता चावीवाला म्हणाला, "बोललं तर फोटो हलतो. तुम्हीच सांगितलंय." त्या माणसाची तरी काय चूक? जन्मभर ह्या गावाला फोटोत बसायला एकाच माणसाने शिकवलं होतं, आणि गाव शिकलेलं विसरलं नव्हतं.

घरी काकूंनी तो फोटो बघितला. "ह्यात जिवंत अशी एक मावशीच दिसतेय," त्या म्हणाल्या.

रविवार उजाडला. काका काकूंना घेऊन चौकात गेले, पण त्यांच्यात काही राम उरला नव्हता. लोक त्यांना बघून शहाण्यासारखे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मग त्यांनी कॅमेरा काढून काकूंच्या गळ्यात अडकवला. "घे. माझ्याने नाही होत आता." आणि जाऊन मावशीच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत ते तिथे एकदाही बसले नव्हते. दुकान, घर आणि पांढरा पडदा ह्यांतून त्यांना वेळ कुठला? मावशी मान वळवून बसली होती. तिच्या शेजारी बसलं की बोलावंसं वाटतं हे काकांना तेव्हा कळलं. "मी घोळ घातला, मावशी," ते म्हणाले.

चावीवाल्याने लांबून ते पाहिलं. गळ्यात कॅमेरा नाही, खांदे पडलेले. तो हळूच येऊन टेकला. "काय झालं काका? बरं नाही का?"

"बाक फोडणार आहेत," काका म्हणाले.

"कुठला बाक?"

"हा. मावशीला उद्यानात नेणार आणि हा फोडणार. उद्या सही आहे."

"काय?" चावीवाला असा ओरडला की पलीकडची सगळी गर्दी रस्ता ओलांडून आली. समितीचं काम चालू आहे एवढंच त्यांना माहीत होतं. काम कसलं, हे सांगावं असं काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता एकच गिल्ला झाला. नर्स धपकन बसली, पिशवी मावशीच्या मांडीवर आदळली आणि पाय चोळत म्हणाली, "रात्रभर उभी असते मी. मग मी काय उद्यानात जाऊन टेकू?" पेन्शनवाले पहिल्यांदाच एकमताने भांडू लागले, समितीशी. ड्रायव्हरला हातवारे करायला हात मोकळे हवे होते, त्याने टोपी काढून मावशीच्या डोक्यावर ठेवली आणि तिच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "हिला हात तर लावून बघू दे!" बसमधून उतरलेले चार अनोळखीही काय झालं म्हणून बाकाच्या मागे झुकले. काका मधोमध, कुणाचा कोपर त्यांच्या पोटात, तोंड उघडं, हनुवटी आभाळाकडे, "माझं ऐका! माझं ऐका!" म्हणत होते, आणि कुणी ऐकत नव्हतं. ऐकत होती ती एकटी मावशी.

काकूंनी हे बघितलं. फोटो कसा काढतात हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं, काढला मात्र कधीच नव्हता. छत्री काखेत मारून त्या घोळक्यात घुसल्या, ड्रायव्हरच्या नाकाशी कॅमेरा नेला आणि बटण दाबलं. नेमकं कुठलं दाबलं हे त्यांनाही माहीत नव्हतं, म्हणून आधी रंग गेले आणि दुसऱ्या खेपेला फोटो निघाला.

काळापांढरा, तिरका. एका कडेला काकूंचं बोट, दुसरीकडे छत्रीची मूठ. मध्ये नुसती माणसंच माणसं, एकमेकांकडे कललेली, सगळ्यांची तोंडं उघडी. "ह्यात सरळ काय आहे?" काका हताश होऊन म्हणाले. "आणि मी? मी हा असा?"

"असेच दिसता तुम्ही," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी तोच फोटो मोठा करायला घेतला.

सोमवारी काका, काकू आणि ड्रॉइंगच्या बाई असे तिघे नगरपालिकेचा जिना चढले. बाईंना चढवत नव्हतं, पण त्या ऐकायला तयार नव्हत्या. टेबलावर सहीचा कागद तयार होता आणि अध्यक्षबाईंच्या हातात उघडं पेन. काकांनी फोटो पुढे ठेवला आणि चौकातल्या बाकाचा आहे एवढंच कसंबसं सांगितलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. त्या फोटोवर वाकल्या, इंजिनियरही वाकला. अध्यक्षबाईंचं बोट फोटोवरून सावकाश फिरू लागलं. नर्सवर थांबलं, पुढे गेलं. पेन्शनवाल्यांवर आलं. टोपी घातलेल्या कुणावर तरी क्षणभर रेंगाळलं आणि तिथूनही पुढे गेलं. इंजिनियरने एका पेन्शनवाल्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच मान हलवून काढून घेतलं. शेवटी अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून वर पाहिलं.

"ह्यात पुतळा कुठला?"

काकांचा हात दाखवायला पुढे आला होता. काकूंनी तो मागच्या मागे घट्ट धरून ठेवला. बाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चेहऱ्यावर मात्र वर्गातल्या सगळ्यात वांड पोरीचं हसू होतं.

"शोधा," बाई म्हणाल्या. "सापडला तर खुशाल घेऊन जा."

अध्यक्षबाईंनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला आणि मग हसत हसत पेनाला टोपण लावलं.